वेताळाच्या चपला

आमच्याकडे दिवाळी आषाढात येते. बाहेर पाऊस लागून राहिलेला असतो, दोरीवरचे टॉवेल तीन दिवस वाळलेले नसतात, घरभर ओल्या छत्रीचा वास, आणि मी खिडकीशी टेबल ओढून आकाशकंदील काढत बसलेलो. संपादकांचा पहिला फोन वटपौर्णिमेच्या आगेमागे येतो. "यंदा जरा लवकर मनावर घ्या," असं ते गेली अठ्ठावीस वर्षं म्हणतायत आणि मी अठ्ठावीस वर्षं "हो हो, सुरूच केलंय" असं सांगतोय. खरं काय ते दोघांनाही माहीत असतं. गणपतीच्या आधी चित्रं गेली नाहीत तर अंक वेळेत छापून होत नाही, आणि वेळेत झाला नाही तर विक्रेत्याच्या टेबलावर वरच्या ढिगात बसत नाही. म्हणून भुईनळा, फराळाचं ताट, बोनस न मिळालेला कारकून, पाडव्याची ओवाळणी मोजून घेणारी बायको, ही सगळी मंडळी माझ्याकडे गुडघाभर पाण्यातून येतात.

१९०९ साली ‘मासिक मनोरंजन’च्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. त्यांच्या चित्रकारानंही पणत्या पावसातच रंगवल्या असणार. तेव्हापासून ह्या धंद्याचं पंचांग सरकलेलं आहे ते आहेच.

पावसाळ्यात कागद ओल धरतो. निबेनं ओढलेली रेघ कडेनं फुटते, तिला बारीक बारीक मुळ्या येतात आणि पाडव्याला नटलेल्या बाईला मिशी फुटल्यासारखी दिसते. माझी कितीतरी चित्रं बायकोनं इस्त्रीनं वाळवली आहेत. एकदा इस्त्री जरा जास्त तापली आणि लक्ष्मीपूजनाच्या चित्रावर त्रिकोणी तपकिरी डाग उठला. मी त्याला दोन डोळे काढून करंजी केली. चित्र छापून आलं. हल्ली मीही पाटीसारख्या स्क्रीनवर काढतो. तिला ओल लागत नाही, रेघ फुटत नाही, आणि चुकलेल्या डागाची करंजीही करता येत नाही.

खरी दिवाळी उजाडते तेव्हा मी रिकामा असतो. सगळे विनोद करून, छापून, मानधनाची वाट बघत बसलेला. पहाटे उटण्याचा वास आला की मला पाऊस आठवतो, हा ह्या धंद्याचा रोग. आणि अशा रिकाम्या पहाटे मनात पहिला विचार येतो तो लाडवाचा. बेसनाचा कडक लाडू आणि तो फोडायला हातोडा घेऊन बसलेला नवरा, हे चित्र मी आजवर अकरा वेळा विकलं आहे. कधी हातोडा, कधी अडकित्ता, कधी शेजारच्या बांधकामावरचं ड्रिल मशीन. सहा-सात वर्षांपूर्वी लक्षात आलं की हे चित्र मेलं. आमच्या इमारतीत सोळा घरं आहेत आणि त्यातल्या बारा घरांत फराळ बाहेरून येतो. विकतचा लाडू कडक नसतो. तो सगळ्या घरांत सारखाच असतो, आणि सारख्या गोष्टीवर विनोद होत नाही.

एका वार्षिकात माझ्या दोन चित्रांच्या ओळी अदलाबदल होऊन छापल्या गेल्या होत्या. रांगोळी काढणाऱ्या मुलीच्या चित्राखाली "गेल्या वर्षीचीच आहे, नुसती बाहेर काढली" आणि ट्रंकेतून शेरवानी काढणाऱ्या काकांच्या चित्राखाली "पाय देऊ नका, आत्ताच भरलीये." मी तावातावानं पत्र लिहायला बसलो. तेवढ्यात एका वाचकाचं कार्ड आलं की शेरवानीवाले काका बघून घरातले सगळे लोळले, फारच खोल विनोद आहे तुमचा. मी पत्र फाडलं.

तर सांगायचं होतं सुट्टीबद्दल. लोकांच्या रजा संपतात, कामाच्या बायका गावाहून परत येतात, तुळशीची लग्नं लागतात, तेव्हा माझी सुट्टी सुरू होते. पुढचं काम थेट नव्या वर्षाच्या कॅलेंडरांचं. त्या मधल्या पंधरा दिवसांत मी आजोळी जातो. वेंगुर्ले तालुक्यात, आरवलीच्या अंगाला. जयवंत दळवींचं आरवली, असं म्हटलं की वाचणाऱ्या माणसांना लगेच कळतं. न वाचणाऱ्यांना वेतोबाचं आरवली म्हटलं की कळतं. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त भेटतात.

लहानपणी जायचो ते मे महिन्यात. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण सुरू झाली १९९८ ला. एस.टी. रात्रभर आणि वर अर्धा दिवस चालायची. कशेडी घाटात निम्मी गाडी लिंबू हुंगत बसायची, आणि लिंबाचा उपयोग कुणालाच होत नसे. बाबा गाडीत बसवून द्यायला यायचे आणि स्टँडवरच्या बुकस्टॉलवर मला एक इंद्रजाल कॉमिक्स घेऊन द्यायचे. एकच. बहिणीला चांदोबा. बारा-चौदा तासांच्या प्रवासाला बत्तीस पानं कशी पुरवायची, हा माझा आयुष्यातला पहिला अर्थशास्त्राचा प्रश्न. पनवेलपर्यंत फक्त मुखपृष्ठ बघायचं, असा नियम मी स्वतःला घातला होता. तो वाशीच्या पुलावर मोडायचा.

ते मुखपृष्ठ रंगवलेलं असायचं, खरंखुरं, गोविंद ब्राह्मणियांच्या हातचं. जंगलातला हिरवा काळोख, मशालीचा उजेड गालावर. आत उघडलं की वेगळाच माणूस, वेगळीच रेघ. मुखपृष्ठावर एक आणि आत दुसराच, ही तक्रार मी आईकडे केली तेव्हा ती म्हणाली, "लग्नपत्रिकेवरचा गणपती मांडवात येतो का?"

इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं, टाइम्स ऑफ इंडियाकडून, आणि पहिल्या अंकापासून त्यात फँटम होता. मराठीत तो वेताळ झाला. महाबली वेताळ. हे नाव ज्या कुणा भाषांतरकाराला सुचलं त्याला बिचाऱ्याला कल्पना नसेल की वेंगुर्ले तालुक्यात एका मुलाच्या डोक्यात त्यानं काय घोटाळा करून ठेवला. कारण माझ्याकडे आधीचे दोन वेताळ होते.

एक बहिणीच्या चांदोबात. विक्रमाच्या खांद्यावर लोंबकळणारा. ते चित्र मराठी माणसाला डोळे मिटून काढता येईल: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. काढणारे होते मद्रासचे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. ते २०२० साली गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमीबरोबर तेच एक चित्र छापलं. बरोबरच केलं. एका माणसाला एक चित्र पुरतं. आमच्यापैकी बहुतेकांना तेवढंही मिळत नाही.

दुसरा वेताळ देवळातला. वेतोबा. माणसापेक्षा चांगलाच उंच, हातात तलवार, मिशा. गावाचा राखणदार. रात्री तो गावाच्या हद्दीवरून फेरी मारतो, म्हणून त्याला चपला लागतात. लोक नवस फेडायला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला म्हणजे आपल्या चपला नव्हेत. मी आठ वर्षांचा असताना माझे दोन्ही पाय एका चपलेत मावून वर मांजर बसेल एवढी जागा उरायची. आणि सगळे सांगायचे की ह्या चपला झिजतात. जागच्या जागी ठेवलेल्या, कुणी न घातलेल्या चपलांचे तळ झिजतात.

आता ह्यात तिसरा येऊन मिसळला. हाही जंगलाचा राखणदार. हाही रात्री फिरणारा. इंग्रजीत त्याचं बिरुदच मुळी ‘चालतं भूत’ असं आहे. वडिलांचा खून करणाऱ्या समुद्री चाच्याच्या कवटीवर हात ठेवून पहिल्या वेताळानं शपथ घेतली १५३६ साली. तो मेला की मुलगा मुखवटा चढवतो, त्यानंतर त्याचा मुलगा. आपण वाचतो तो एकविसावा. बाहेरच्या जगाला वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे.

मी सरळ हिशेब केला. संध्याकाळी आजी पडवीत आमसुलं चिवडत बसली होती. मी विचारलं, "आजी, वेतोबा म्हातारा झाला की त्याचा मुलगा वेतोबा होतो ना?"

आजीचा हात थांबला. "काय म्हणालंस?"

मी कॉमिक उघडून पुरावा दिला. कवटीची गुहा, ओळीनं पुरलेले पूर्वज. आजीनं पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरलं आणि बराच वेळ निरखलं.

"ह्यो वेताळ?"

"हो."

"चड्डी लेंग्यावर घातली हा ती?"

"तो त्याचा वेषच आहे."

"वेंगुर्ल्याच्या बाजारात ह्या वेषात गेलो तर पोलीस धरतीत." पुस्तक माझ्या मांडीवर परत आलं. मग ती पुन्हा आमसुलांकडे वळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "देव खंय म्हातारो होता काय रे, मेल्या? त्येच्यो चपलो झिजतत मा? मगे? आणखी कित्याक इचारतंस?"

वाद संपला. मला मात्र त्या रात्री नवीनच गोष्ट खटकायला लागली. माझ्या कॉमिकमधल्या वेताळाचे बूट कधी झिजलेले नव्हते. चिखल, दलदल, धबधबा, मगरी, सगळ्यातून हा माणूस जातो आणि पुढच्या चौकटीत बूट दुकानातून आणल्यासारखे. शाळेच्या बुटांवरून घरी बोलणी खाणाऱ्या मुलाला हे खोटं लगेच दिसतं. मामाच्या बॉलपेननं मी त्या अंकातल्या सगळ्या बुटांवर चिखल काढला. मे महिना असल्यामुळे चिखल कसा दिसतो हे नक्की आठवेना, म्हणून विहिरीच्या कडेला जाऊन बघून आलो. बघून येऊन काढलेली माझी ती पहिली गोष्ट. बहिणीनं पुस्तक घाण केलं म्हणून चुगली केली, हेही नमूद करायला हवं.

पुढे ह्याच कामात पडल्यावर जुनी कॉमिक्स पुन्हा गोळा केली, डोंबिवलीतल्या आणि ठाण्यातल्या रद्दीवाल्यांकडून, आणि वेगळ्या डोळ्यांनी वाचली. तेव्हा बरीच कोडी सुटली. लहानपणी वेताळ एकच गोष्ट दोन-दोनदा का बोलतो ते कळत नसे. कारण तो मुळात पुस्तकातला नव्हेच. ली फॉकनं १७ फेब्रुवारी १९३६ ला तो सुरू केला तो वर्तमानपत्रात, रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी. काल ज्यानं पेपर घेतला नाही त्याच्यासाठी आजची पहिली चौकट कालचं थोडं परत सांगते. अशा कितीतरी पट्ट्या कापून, जोडून, पानात बसवून आपल्याकडे पुस्तक व्हायचं. ती परत सांगणारी चौकट काढायला संपादक विसरला की वेताळ विसरभोळ्या आजोबांसारखा तेच पुन्हा सांगायचा.

त्याचे डोळेही असेच. मुखवट्यात नुसती पांढरी भोकं, बाहुल्या नाहीत. फॉकला ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांवरून ते सुचलं म्हणतात. व्यंगचित्रात डोळा म्हणजे जवळजवळ सगळंच. टिंब वर ठेवलं की माणूस देवाला विचारतोय, खाली ठेवलं की खिशातले पैसे मोजतोय, दोन्ही टिंबं नाकाकडे आणली की साहेबांच्या केबिनमधून बाहेर आलाय. ते टिंबच काढून टाकायचं, हे धाडस मी अजून करू शकलेलो नाही. एकदा एका नगरसेवकाच्या चित्रात करून पाहिलं. तो एकदम भला माणूस दिसायला लागला, म्हणून परत टिंबं घातली.

रंगाचं तर विचारूच नका. फॉकच्या मनात तो करडा होता. १९३९ ला रविवारची रंगीत पुरवणी आली आणि छापताना तो जांभळा झाला. स्वीडन-नॉर्वेत तो निळा असतो, इटली आणि तुर्कस्तानात लाल. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. माझ्या एका दिवाळी मुखपृष्ठावरचा गुलबक्षी शालू छापून आल्यावर शेवाळी झाला होता आणि मी दोन दिवस जेवलो नव्हतो. जगातला सगळ्यात प्रसिद्ध जांभळा माणूस ज्या कारणानं जांभळा आहे, त्याच कारणानं माझा शालू शेवाळी. मी उगाच उपाशी राहिलो.

आणि एक कबुली. लहानपणी आम्हा पोरांना ‘चांगला वेताळ’ आणि ‘बिघडलेला वेताळ’ असे दोन प्रकार माहीत होते. चांगला म्हणजे साय बॅरीनं काढलेला, १९६१ नंतरचा. पिळदार दंड, अंगावर योग्य तिथे सावल्या, त्याची प्रेयसी डायना पामर सिनेमातल्यासारखी. बिघडलेला म्हणजे त्याच्या आधीच्या विल्सन मॅकॉयचा. जाड रेघ, लाकडी हातपाय, सिंह घरातल्या बोक्यासारखा. अदलाबदलीत एका चांगल्याला दोन बिघडलेले, असा भाव होता. आता पन्नाशी उलटल्यावर मला बॅरी कंटाळवाणा वाटतो. फार नीटस. मॅकॉयचा वेताळ चालतो तेव्हा तो पाय उचलून टाकतोय हे दिसतं. त्याला वजन आहे. त्याच्या बुटांना चिखल मी काढला नसता तरी चाललं असतं. ती सगळी बिघडलेली कॉमिक्स मी एकास दोन भावानं देऊन टाकली, आणि आज त्यांचा एकेक अंक जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे ज्या किमतीला आहे तो आकडा मी घरात सांगितलेला नाही.

मामाच्या गादीखाली आणखी एक खजिना असायचा. मागच्या दिवाळीचा ‘आवाज’. मधुकर पाटकरांनी १९५१ ला काढलेला हा अंक आमच्या पिढीच्या सगळ्या मुलांनी चोरून वाचला, आणि वाचला म्हणजे फक्त खिडक्या उघडल्या. खिडकीचित्र ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: वरच्या पानाला कापून केलेली झडप, त्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा एवढासा तुकडा दिसतो आणि जे दिसतं ते अगदी भलतं असतं. झडप उघडली की आत साधीसुधी गोष्ट. भलतं होतं ते आपल्या डोक्यात. काढणाऱ्याला मात्र उलट्या बाजूनं यावं लागतं: आधी साधं चित्र पूर्ण काढायचं, मग कागदाच्या चौकटीचा तुकडा त्यावर फिरवत, नेमकं कुठे भोक पाडलं की वाचक फसेल ते शोधायचं. सुताराचं काम आहे ते.

उमेदवारीच्या दिवसांत मीही एक खिडकी करून एका अंकाकडे नेली होती. वरच्या पानावर बंद दार. दारात पुरुषाचे बूट आणि बाईच्या चपला, घाईघाईत काढलेल्या, एकमेकांवर पडलेल्या. आतून आवाज: "अजून थोडं वर... हां, तिथंच!" झडप उघडली की बाई नवऱ्याच्या खांद्यावर उभी राहून पंख्याची जळमटं काढतेय. संपादकांनी बघितलं, हसले नाहीत. चष्मा वर केला आणि दारातल्या चपलांवर पेन्सिल टेकवली.

"ह्या किती वर्षांच्या?"

"म्हणजे?"

"टाच बाहेरून गेलीये. अंगठ्याचा खड्डा पडलाय. ही बाई ह्या घरात दहा वर्षं राहतेय. नवरा-बायकोच आहेत हे वाचकाला झडप उघडायच्या आधी कळलं. मग तो झडप कशाला उघडेल? हिला नवीन सँडल घाला."

मी नवीन सँडल घातले. चित्र छापून आलं. पण सँडल घालताना हात अडला होता, तो अजून आठवतो. मी मुद्दाम जुन्या काढल्याच नव्हत्या. मला चपला झिजलेल्याच काढता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी बघायला लागलो. लग्नाच्या हॉलबाहेर, सत्यनारायणाला, बारशाला, मयतीला. दाराबाहेरच्या चपलांवरून आत काय चाललंय ते नव्वद टक्के सांगता येतं. मयतीच्या घरी चपला दारापासून लांब काढलेल्या असतात, कुणीच पुढे घुसत नाही. सत्यनारायणाला प्रसादाच्या वेळी आलेल्यांच्या उंबऱ्याला चिकटून. मुलगी बघायला आलेल्यांचे जोड ओळीत असतात, त्यात एक जोड आज पहिल्यांदाच घातलेला, आतल्या किमतीच्या स्टिकरचं टोक अजून दिसतंय. शि. द. फडणीसांनी ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर तिच्या साडीवर मांजरं आणि त्याच्या शर्टावर उंदीर काढले, शब्द एकही नाही, आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी २०२५ च्या जुलैत शंभरी पूर्ण केली. माझ्याकडे साडी-शर्टाएवढी कल्पना नाही, मी पायाशी राहतो.

हल्ली तेही अवघड झालंय. आमच्या सोसायटीत जिन्यात चपला ठेवायला बंदी आहे, तशी पाटीच लागली आहे, खाली सचिवांची सही. सगळे जोड दाराच्या आत कपाटात. सोळा बंद दारं, सगळ्यांच्या बाहेर सारखी पायपुसणी, त्यावर ‘वेलकम’. जिना चढताना मला लेखनाची पाटी पुसल्यासारखं वाटतं. अपवाद दुपारी पार्सल आणणाऱ्या पोरांचा. ते बूट काढतच नाहीत, दाराबाहेरूनच जातात, पण त्यांच्या उजव्या बुटाचा पंजा पुढून झिजलेला असतो आणि डाव्याचा तेवढा नसतो. हे का, ते कळायला मला दोन आठवडे लागले. डाव्या पायानं मोटरसायकलचा गिअर, हे मी धरून चाललो होतो आणि कोडं उलटं पडत होतं. शेवटी एकाला पाणी देऊन विचारलं. त्यानं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग म्हणाला, "काका, गाडी स्कूटर आहे. ब्रेक धरवत नाही ना पावसात, उजवा पाय टेकून थांबवतो." त्याच आषाढात त्याचं चित्र झालं: फुलबाज्यांच्या उजेडात पार्सल घेऊन उभा पोरगा, ताटातला लाडू पुढे केलेली आजी. लाडू विकतचा आहे, त्यानंच मघाशी आणून दिलेला. ओळ लिहिली नाही.

ह्या खेपेला आजोळी मुलगीही आली. ती एकोणीस वर्षांची आहे, जपानी मंगा वाचते, म्हणजे पुस्तक शेवटच्या पानापासून उघडते आणि उजवीकडून डावीकडे जाते. माझी इंद्रजाल तिनं चाळली आणि "बाबा, ह्यात सगळे बोलतात किती!" असं म्हणून ठेवून दिली. खरं आहे ते. मंगात एक पान नुसतं पाऊस पडतो. आम्हाला तेवढा कागद कुणी दिला नाही.

मामाच्या घरी माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. त्यात माझी आठ सुट्ट्यांची कॉमिक्स होती, असं मी तिला सावंतवाडी रोड स्टेशनपासून सांगत आलो होतो. मामेभावानं ट्रंक खाली उतरवली. आत वाळवीनं अगदी नेटकं काम केलं होतं. कागद खाऊन टाकले होते आणि गुळगुळीत शाईचे मुखपृष्ठांचे तुकडे तेवढे ठेवले होते. मशालीचा उजेड पडलेला एक गाल, अर्धा घोडा. मामी म्हणाली, "पंधरा वर्सां झाली, तुका सांगूचा राहून गेला." मग आम्ही ट्रंक धुऊन उन्हात उपडी घातली. तिला आता कोळशासाठी वापरणार आहेत.

दुसऱ्या दिवशी देवळात गेलो. गर्दी नव्हती. वेतोबा होता तसाच, मिशांसह. चपलांचे जोड रचलेले, काही कोरे, वादीला अजून चामड्याचा वास, काही काळवंडलेले. मुलगी वाकून बघायला लागली. आजीचं वाक्य मी तिला सांगितलं होतं, चड्डीसकट. तिनं फोन काढला नाही ह्याचं मला नवल वाटलं. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्याची टाच गेलीये. बाहेरून."

"कशावरून?"

"बघ ना."

मीही वाकलो. चामडं वाळून आकसलं की कडा अशीच उचलते, जमिनीवर सरकवून सरकवून तळ घासतो, हे सगळं मला माहीत आहे. वही काढली आणि टाच काढून घेतली. तेवढीच. बाकी चपलेला वेळ लागला असता आणि मामी जेवायला थांबली होती.

बाहेर आलो तेव्हा मुंबईची एक बस येऊन लागली होती. पायरीशी चाळीस-पन्नास जोडांचा खच, त्यातले निम्मे तपकिरी आणि निम्म्यांना तसाच अंगठा. दुपारचं ऊन, फरशी तापलेली. मी एका पायावर उभा राहून शोधत होतो. मुलीनं पायानंच एक जोड माझ्याकडे सरकवला.

"ही तुझी," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.